आकडी कोणाला दिसते

ढगाच्या तळाशी उभ्या असलेल्या माणसाला आकडी दिसत नाही. आकडी हा वरून दिसणारा आकार आहे, आणि तोही यंत्राला. मोठ्या वादळाच्या मागच्या अंगाला पाऊस वळू लागला की रडारच्या पडद्यावरच्या लाल डागाला एक वाकडी शेपटी फुटते, बोट वाकवून कोणाला तरी जवळ बोलावल्यासारखी. त्या वळणाच्या आत हवा गरगरत असते आणि कधीकधी तिथूनच वावटळीची सोंड जमिनीवर उतरते. खाली उभ्या माणसाला दिसतो तो काळा तळ, पावसाचा पडदा आणि त्या दोहोंच्या फटीतला हिरवट, आजारी उजेड.

तरीही काटेवाला फोनवर म्हणाला होता, "आकडी काय झकास आलीय बघ, धाकटे!"

तेव्हा धाकटी हसली होती. नंतर तो शब्द दाढेत अडकलेल्या तंतूसारखा तिला सलू लागला. जीभ पुन्हापुन्हा तिथेच जाई.

काटेवाला म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा, थोरलीचा, नवरा. गोदामांमधले वजनकाटे तपासणं आणि दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. पत्र्याच्या टपाची एक जुनी गाडी, तिच्या मागच्या भागात लाकडी पेट्या, आणि त्या पेट्यांत पितळेची प्रमाणित वजनं, एखाद्या देवघराइतकी लख्ख. सबंध माळरान त्याच्या पायाखालचं. म्हणून धाकटी जिथे रडार बघायची त्या हवामान कार्यालयाला जमिनीवरचे डोळे हवे होते तेव्हा धाकटीनंच त्याचं नाव सुचवलं होतं. आपल्या माणसाची आपणच केलेली शिफारस ही मोठी विचित्र गोष्ट असते. ती आपल्यालाच जामीन ठेवते.

डोळ्यांची गरज होती ती गिरणीच्या गावासाठी. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वाकत जाते. एवढ्या लांबच्या त्या गावावरून तो इतक्या उंचीनं जाई की त्याला ढगाचे खांदे दिसत, पाय दिसत नसत. म्हणून कार्यालयात एक जुना रिवाज होता: गिरणीच्या गावाचा भोंगा वाजवायचा तर एक यंत्र आणि एक डोळा, असे दोन साक्षीदार हवेत. दोघांपैकी एकट्याच्या शब्दावर भोंगा वाजत नसे. रिवाज शहाणपणाचा होता. फक्त दोन्ही साक्षीदार एकमेकांना ओळखत असतील तर काय, याचा विचार तो घालून देणाऱ्यानं केला नव्हता.

मागच्या वादळात भोंगा वाजला. गिरणी थांबली, माणसं तळघरात उतरली, लेकरं रडली, म्हातारी माणसं जिन्यावरून हातांवर उचलून नेली गेली. आणि सगळे वर आले तेव्हा बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं.

"तुमच्या भाऊजींची दृष्टी फार तेज आहे हो," प्रमुख म्हणाले. प्रमुख चहात साखर घालत नसत आणि बोलण्यातही. "आपण चित्र प्रसिद्ध केलं की पाठोपाठ त्यांचा फोन. आपल्या चित्रात जे असतं, अगदी तेच त्यांना दिसतं. कमी नाही, जास्त नाही. मला तर कधीकधी आरसा ठेवल्यासारखं वाटतं."

"म्हणजे?"

"म्हणजे हा गृहस्थ कुठेतरी पंख्याखाली बसून आपल्याच संकेतस्थळावरचं चित्र आपल्यालाच वाचून दाखवतो. आपण म्हणतो, वा, यंत्रही तेच म्हणतं आणि डोळाही तेच म्हणतो. अहो, डोळा कुठाय? आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत येतोय."

"ते तसे नाहीत, सर."

"कोणीच तसं नसतं. आणखी एकदा फुकट भोंगा वाजला की गाव कानांत बोळे घालून बसेल. मग खरोखरची सोंड येऊ दे नाहीतर प्रलय येऊ दे. त्या गावात तुमची बहीण राहते ना?"

रडारच्या खोलीला खिडकी नव्हती. पडद्यांवर उजेड पडू नये म्हणून ती कधीच विटांनी बुजवली होती आणि त्या जागी भिंतीचा रंग थोडा वेगळा राहिला होता. धाकटीची नजर बराच वेळ त्या वेगळ्या रंगाच्या चौकोनावर राहिली.

आपल्याला नको असलेला संशय आपण दारात उभा ठेवतो, पण त्याला 'जा'ही म्हणत नाही. तिनं भाऊजींचे सगळे फोन मनात उगाळले. ते नेहमी म्हणायचे, "मी उभा आहे." कुठे, ते नीट कधीच सांगायचे नाहीत. "गिरणीच्या अलीकडे", "जरा कडेला". मागे कधी मेघगर्जना ऐकू आली होती का? आठवेना. न आठवणं हाही आता पुरावाच वाटू लागला.

त्यात थोरली आली. खरेदीला म्हणून शहरात आली होती, पण पिशवी रिकामी होती. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"काय झालं गं, ताई?"

"काही नाही. तुझे भाऊजी वादळाच्या दिवशी कुठे असतात, तुला माहितीय?"

"म्हणजे? ते आम्हांला फोन करतात ना, माळावरून..."

"मला सांगतात, गोदामात होतो. मी गोदामात विचारलं. तिथले म्हणाले, वादळाच्या दिवशी काटा तपासायला कोण येतंय?" थोरली हसली, पण ते हसू तोंडातच राहिलं. "बरं, माळावर होते म्हणावं, तर गाडी बघ. वादळ होऊन गेल्यावर घरी येते ती लग्नाच्या वरातीतून आल्यासारखी चकचकीत. चाकाला चिखलाचा ठिपका नाही. अगं, आपल्या दारातली चप्पलसुद्धा त्या दिवशी चिखलानं माखलेली असते."

"धुतली असेल."

"का? माणूस गाडी कधी धुतो? मिरवायची असेल तेव्हा, नाहीतर काही लपवायचं असेल तेव्हा. आमच्या ह्यांना मिरवायची हौस कधी होती?" ती थांबली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, धाकटे. आता असलं काही मनात आणायची लाज वाटते. पण मन काय आपलं ऐकतं? तू फक्त एवढं बघ, ते कुठे असतात. तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत, आभाळातलं दिसतं तुम्हांला. माझा एक नवरा दिसणार नाही का?"

माळावर नाही, गोदामात नाही, घरी नाही. त्या रात्री धाकटीच्या डोळ्यांपुढे एक अनोळखी स्वयंपाकघर उभं राहिलं. पंखा मंद फिरतोय, कोणीतरी समोर ताट ठेवतंय, आणि भाऊजी एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातातल्या पडद्यावर बघत म्हणतायत: आकडी काय झकास आलीय.

संशयाला एकदा घर मिळालं की तो त्यात भांडीकुंडी मांडू लागतो.

उपाय सुचला तो इतका सोपा होता की तिला त्याची भीतीच वाटायला हवी होती. लोकांसाठीचं चित्र एका वेगळ्या संगणकावरून संकेतस्थळावर जाई. ते किती वेळ मागे ठेवायचं, हे ठरवायची सोय त्यात होती. यंत्राची चाचणी घ्यायची असली की ती वापरत. आतल्या पडद्यावर आत्ताचं वादळ आणि बाहेर थोड्या वेळापूर्वीचं. भाऊजींना खरं वादळ दिसत असेल तर ते खरं सांगतील. चित्रातलं दिसत असेल तर शिळं सांगतील. शिळ्या अन्नासारखं ते लगेच वासावरून ओळखू येईल. गावाच्या भोंग्यासाठी यंत्राची साक्ष घ्यायची ती आतल्या पडद्यावरून, त्यामुळे कोणाचंही नुकसान नाही. कोणाचंही नाही, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं. एकदा सांगून भागलं असतं तर दुसऱ्यांदा का सांगावं लागलं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

पुढचं वादळ दुपारी उठलं. सकाळपासून हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटली होती. पश्चिमेला एक पांढरा कोंब फुटला आणि बघता बघता त्याचं झाड झालं. पडद्यावर हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं लाल झालं. प्रमुख तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिनं त्याआधीच लोकांसाठीचं चित्र मागे ठेवलं होतं.

वादळ सरळ पूर्वेला चाललं होतं. गावाच्या उत्तरेकडून जाणाऱ्या कालव्याच्या पलीकडे असताना त्याला शेपटी फुटली. मग वाईट वादळं वळतात तसं ते उजवीकडे वळलं, आणि वेग वाढवून कालवा ओलांडून आलं. आतल्या पडद्यावर आकडी आता कालव्याच्या अलीकडे होती, गिरणीच्या रस्त्यावर. बाहेरच्या जगासाठी ती अजून पलीकडेच होती आणि शांतपणे सरळ चालली होती.

फोन वाजला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"धाकटे, मी बोलतोय. उभा आहे."

"कुठे उभे आहात, भाऊजी?"

"गिरणीच्या रस्त्याला, जरा कडेला."

"काय दिसतंय?"

थोडा वेळ काहीच नाही. त्या थोड्या वेळात तिला त्यांचा अंगठा पडद्यावर फिरताना जवळजवळ ऐकू आला.

"आकडी छान बांधलेली आहे. कालव्याच्या पलीकडे. सरळ चाललीय, आपल्याकडे नाही."

प्रमुखांनी समोरच्या पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या छातीत काहीतरी थंडगार उतरलं, आणि सांगायला नको, पण त्या थंडीत एक बारीकसा आनंदही होता. आपला संशय खरा ठरल्याचा तो हलकट आनंद, जो माणूस कोणाजवळच कबूल करत नाही.

फोनमध्ये ठक्कन आवाज झाला.

ताट ठेवलं, तिला वाटलं. तेच ते स्वयंपाकघर.

"कोण आहे तिथे तुमच्याबरोबर?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"कोण असणार? मी आणि माझी वजनं."

पुन्हा ठक्क. मग ठक् ठक्, आणि मग एकामागून एक, कोणीतरी भांड्यांची मांडणीच लोटून दिल्यासारखं. त्या आवाजाच्या खाली दुसरा एक आवाज होता; बारीक, किणकिणता, थरथरता. तो तिनं पूर्वी ऐकला होता. थोरलीच्या लग्नानंतर एकदा ती त्या गाडीतून गेली होती आणि खराब रस्त्यावर मागच्या पेट्यांमधली पितळेची वजनं अशीच एकमेकांना लागत किणकिणली होती. भाऊजी तेव्हा म्हणाले होते, ऐक, गाडी हलली की खरं वजनसुद्धा बडबडायला लागतं.

गाडी उभी होती. वारा तिला हलवत होता.

"गारा आल्या गं," भाऊजी म्हणाले, आश्चर्यानं. "लिंबाएवढ्या. असं कसं? चित्रात तर मी चांगला मोकळ्यात आहे..."

सगळं तिला एका क्षणात दिसलं, भोवताली वीज चमकल्यावर दिसतं तसं, सावल्यांसकट. भाऊजी चित्र बघत होते. खुल्या माळावर, वादळाच्या तोंडाशी उभं राहून बघत होते. पावसाच्या पडद्याआड सोंड कुठे आहे हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून आपण मरू नये एवढ्यासाठी बघत होते. आणि तिनं त्यांना शिळं आभाळ वाढलं होतं.

"भाऊजी, चित्र जुनं आहे!"

"काय?"

"तुमच्या हातातलं चित्र मागचं आहे. वादळ कालव्याच्या अलीकडे आलंय. तुमच्यावरच आहे. गाडी दक्षिणेला काढा, आत्ता!"

"मागचं? मागचं कसं काय..."

"मी मागे ठेवलं."

गारांचा आवाज. वजनांची किणकिण.

"तू," भाऊजी म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

मग इंजिन ओरडलं आणि त्यांचा आवाज एकदम निराळा झाला. त्यात आकडी नव्हती, झकास नव्हतं. "उजेड गेला. पावसाचा पडदा फाटलाय... धाकटे, सोंड. सोंड खाली आहे. कालव्याच्या अलीकडे, रस्त्यावर. तारा तुटतायत, निळ्या ठिणग्या उडतायत बुडाशी. गावाकडे चाललीय. तुझ्या ताईला..."

फोन बंद झाला.

"भोंगा," ती म्हणाली.

प्रमुख हलले नाहीत. "यंत्राला तिथलं जमिनीवरचं काही दिसत नाही. आणि हा डोळा आपलंच चित्र वाचतो, हे तुम्हीच आत्ता सिद्ध केलंत."

"चित्रात ठिणग्या दिसत नाहीत, सर. चित्रात गारा वाजत नाहीत. आजचं चित्र खोटं होतं आणि ते मी केलं होतं. डोळा खरा आहे."

प्रमुखांनी तिच्याकडे पाहिलं. बिनसाखरेचं, कडू पाहणं. त्यात तिची नोकरीही तोलली जात असावी. मग त्यांनी भोंग्याच्या पेटीत स्वतःची किल्ली खळकन फिरवली आणि बाजूला सरले. भोंग्याची कळ तिनं दाबली. एवढ्या लांबचा आवाज तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी तो तिला ऐकू आला.

गिरणीचं छप्पर गेलं. माणसं तळघरात होती; या वेळी कुरकुरत उतरली होती, काही जण तर शिव्या देत, पण उतरली होती. थोरलीही तिथेच होती, कोणाचं तरी लेकरू मांडीवर घेऊन. भाऊजी सापडले ते संध्याकाळी, रस्त्याकडेच्या चारीत पालथे. खांद्याचं हाड मोडलेलं, पाठीवर गारांचे निळे वळ. गाडी शेतात आडवी पडली होती आणि वजनं चिखलात पेरल्यासारखी विखुरली होती. एक वजन अजून मिळालेलं नाही.

इस्पितळात थोरली पलंगाच्या एका बाजूला होती आणि धाकटी दाराशी. तिच्यानं आत येववत नव्हतं.

"गाडी का धुवायचात?" थोरलीनं विचारलं. तिचा आवाज भांडणाचा होता, हात मात्र त्यांच्या केसांतून चिखल काढत होते.

"तुला कळू नये म्हणून. नुसती वीज चमकली तरी तू उशीत तोंड खुपसतेस. तुला सांगितलं असतं, मी वादळाखाली जाऊन उभा राहतो, तर जाऊ दिलं असतंस?"

"मला वाटलं, कोणी बाई आहे."

"या वयात?" भाऊजी हसायला गेले आणि हाडानं त्यांना हसू दिलं नाही. "बाई परवडली असती."

मग त्यांनी दाराकडे पाहिलं.

"आकडी म्हणायचो, त्यावरून संशय आला ना तुला?"

तिनं मान हलवली.

"मला दिसायचा नुसता काळोख गं. पण नुसता काळोख दिसतोय म्हणून सांगितलं तर तुम्ही शिकलेली माणसं विश्वास ठेवाल का, असं वाटायचं. म्हणून चित्रात बघून तुमचाच शब्द वापरायचो. वाटायचं, त्यांच्या मापात मोजून दिलं की खरं वाटेल त्यांना." त्यांनी डोळे मिटले. "मागच्या खेपेला सोंड मला दिसलीच नव्हती. चित्रावर भरवसा ठेवून बोललो. ती चूक माझी. पण आज..."

थोरलीनं मान न वळवता म्हटलं, "तुला मी फक्त ते कुठे असतात ते बघ म्हटलं होतं."

धाकटीची नोकरी राहिली. का, ते प्रमुखांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. चित्र मागे ठेवण्याची सोय काढून टाकण्यात आली. भाऊजींचं हाड जुळलं. थोरलीनं त्यांना पुन्हा माळावर जाऊ दिलं, एका अटीवर: गाडी आता धुवायची नाही. चिखल घरी आणायचा.

त्यानंतरच्या पहिल्या वादळाला फोन वाजला.

"उभा आहे," भाऊजी म्हणाले. "कालव्याच्या पुलाच्या अलीकडे, कोसळलेल्या खांबापाशी." आता ते जागा नीट सांगत. "बोलायच्या आधी एक काम कर. तुझ्या तिथून आभाळ कसं दिसतंय?"

"पडद्यावर..."

"पडद्यावर नाही. खिडकीतून."

"या खोलीला खिडकी नाही, भाऊजी."

"मग जिना चढ. मी थांबतो."

ती फोन घेऊन गच्चीवर गेली. वारा उलटा वाहत होता, वादळाच्या दिशेनं, जणू सगळी हवा तिकडे बोलावली गेली होती. पश्चिमेला ढगाचा ऐरणीसारखा माथा पसरला होता, आणि त्याच्या उत्तरेच्या कडेला उन्हाची एक तिरीप अजून लटकत होती. तिनं तसं सांगितलं.

"कुठल्या कडेला?"

"उत्तरेच्या."

पलीकडे शांतता. ते मान वर करून ती तिरीप शोधत असणार. तिच्या शब्दाला आपल्या आभाळाशी लावून बघत असणार.

"बरोबर," ते शेवटी म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आता मला काय दिसतंय ते सांगतो."

तेव्हापासून प्रत्येक वादळात हे असंच चालतं. ती जिना चढते, आभाळ सांगते, ते पडताळून पाहतात, आणि मगच तोंड उघडतात. कधी ते विचारतात, पक्षी कुठल्या बाजूला गेले? कधी, मातीचा वास आला का? ती उत्तर देते. आणि पडताळा होईपर्यंत फोनमध्ये जी शांतता असते, तीत मागे कुठेतरी पितळेची वजनं बारीक आवाजात किणकिणत असतात. एक कमी.

प्रमुख एकदा म्हणाले, "याला फार वेळ लागतो हो."

"लागू दे," ती म्हणाली आणि फोन कानाशी धरून जिन्याकडे निघाली.

"धाकटे," फोनमधून आवाज आला, "डोळ्यांनी बघून सांगतेयस ना?"

"चढतेय, भाऊजी," ती म्हणाली. "अजून चढतेय."